मैदान सगळ्यांचं, मग किल्ली कोणाकडे?

आमच्या घरामागे महापालिकेचं मैदान आहे. त्याला दोन झडपांचं लोखंडी फाटक, फाटकाला साखळी आणि साखळीला हाताच्या पंजाएवढं पितळी कुलूप. बाजूला पत्र्याच्या फळ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘सभासदांखेरीज प्रवेश नाही’. त्याखाली कधीकाळी वेळा रंगवलेल्या होत्या, आता तिथे नुसते पोपडे उरलेत. फाटकाच्या उजव्या अंगाचा एक गज वाकलेला आहे. शेजारच्या चाळीतली मुलं तिथून आत जातात. आधी बॅट आत सरकवायची, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून बाकीचं अंग. वॉचमन दिसला की हेच सगळं उलट्या क्रमानं.

एकदा मी वॉचमनकाकांना विचारलं, “मैदान पालिकेचंच आहे ना?”

“हो ना.”

“मग पोरांना का नाही सोडत?”

“किल्ली संस्थेकडे असते,” ते म्हणाले.

त्यांच्या दृष्टीनं उत्तर पूर्ण होतं. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं. किल्ली एखाद्या संस्थेकडे आहे एवढ्यानं ती जागा तिची होते का? आपल्या आसपासच्या किती जागा अशाच कुणाच्या तरी किल्लीवर चालतात पाहा. गावातलं समाजमंदिर, तालीम, देवस्थान, सोसायटीचा हॉल, वाचनालय, जिमखाना, स्मशानभूमीसुद्धा. जागा अनेकांची असते आणि दार उघडायचं की नाही हे ठरवणारे चार-पाचजण असतात. त्या चार-पाचजणांवर कोणती जबाबदारी येते, ते इथे शक्य तितकं सोपं करून सांगतो.

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकच समजल्यामुळे. मालकी वेगळी, ताबा वेगळा आणि वापरण्याचा हक्क वेगळा. गणपती मंडळाचा खजिनदार आठवा. वर्गणीचे पैसे त्याच्या कपाटात असतात, चावी त्याच्या कमरेला असते, हिशेब तोच लिहितो. पण मुलीच्या लग्नात कमी पडले म्हणून त्यातले पैसे उचलायचा त्याला अधिकार नसतो, आणि हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पैसे ताब्यात आहेत, मालकीचे नाहीत. कायद्यात अशा माणसाला विश्वस्त म्हणतात. संस्थेकडे सोपवलेलं मैदान हे त्या वर्गणीसारखंच आहे. फरक एवढाच की वर्गणी खाल्ली तर गल्लीभर बोंब होते आणि मैदान खाल्लं तर आपण पुढच्या मैदानाकडे वळतो.

हा विचार सर्वोच्च न्यायालयानं देशाच्या पातळीवर नेऊन ठेवला आहे. बंगळुरूत एका वसाहतीत बागेसाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला देऊन टाकली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालय तर चांगलंच काम, मग बिघडलं कुठे, असा प्रश्न कुणालाही पडेल. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदा ठरवलं. बागेची जागा बागेसाठीच, आणि तिथे राहणाऱ्या साध्या नागरिकालाही त्यासाठी दाद मागता येते, हे त्या निकालानं पक्कं केलं. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीकाठच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं आणखी मूळ तत्त्व मांडलं. नदी, किनारा, जंगल अशा गोष्टींचं सरकार हे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला त्या खासगी मालकीच्या करून टाकता येत नाहीत. आता सरकारच जर विश्वस्त असेल, तर सरकारकडून किंवा पालिकेकडून जागा सांभाळायला घेतलेली संस्था मालक कशी होईल? ती विश्वस्ताचीही हस्तक झाली. जबाबदारी जशी खाली उतरते तशी ती पातळ होत नाही.

पण कायद्याची पुस्तकं उघडायच्या आधी महाडला जायला हवं. किल्ली हाती असणाऱ्या संस्थेचं कर्तव्य काय, या प्रश्नाचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या, कायद्यानं निर्माण केलेल्या संस्थांनी चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सरकारनं सप्टेंबरात आपल्या खात्यांना तसे आदेशही दिले. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये स्वतःचा ठराव केला आणि चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर सगळं झालेलं होतं. विधिमंडळ, सरकार, नगरपालिका, तिन्ही पायऱ्यांवर ‘हो’ होतं.

तरीही तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला त्या तळ्याचं पाणी भरता आलं नाही. कोणी पालिकेच्या ठरावाविरुद्ध ठराव केला नव्हता. काठावरच्या लोकांचा धाक होता आणि पालिकेनं त्या धाकापुढे काहीच केलं नाही. तळ्यावर माणूस उभा करून ‘या, पाणी भरा, तुम्हाला कुणी हात लावणार नाही’ असं सांगितलं नाही. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, तोही बोलका आहे. ज्या नगरपालिका अंमलबजावणी करत नाहीत त्यांची अनुदानं रोखा, असं त्यात म्हटलं होतं. नुसतं खुलं जाहीर करून भागत नाही, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं.

मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मंडपातून हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. आणि नगरपालिकेनं काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. दार उघडं ठेवण्याची परीक्षा आली तेव्हा संस्थेनं दारच काढून घेतलं.

पुढचा भाग फार कमी लोकांना ठाऊक असतो. सनातनी मंडळी दिवाणी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, हे तळं सार्वजनिक नाहीच, ‘चौधरी तळं’ आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादिकालापासून आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. तशी अनादिकाळाची वहिवाट सिद्धच झाली नाही, असं न्यायालय म्हणालं.

या दोन दाव्यांकडे नीट बघा. ‘ही जागा खासगी आहे’ आणि ‘इथे हे असंच चालत आलंय’. शंभर वर्षांनंतरही दार बंद ठेवू पाहणारा माणूस याच दोन वाक्यांचा आधार घेतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत घरकाम करणाऱ्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची यावर वाद होतो तेव्हा मी ती दोन्ही वाक्यं स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग वाचला की महाडची आठवण आल्यावाचून राहत नाही. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करताना, आणि पूर्णपणे किंवा काही अंशी सरकारी पैशावर राखलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि राबत्याच्या जागा वापरताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. राबता हा शब्द मला फार आवडतो. जिथे लोकांची रोज ये-जा असते ती राबत्याची जागा. त्या कलमातले ‘काही अंशी’ हे शब्दही लक्षात ठेवा. संस्था म्हणते, आम्ही आमच्या पैशानं मैदानावर माती टाकली. पण जमीन पालिकेची, पाण्याची जोडणी पालिकेची, म्हणजे अंशतः तरी पैसा लोकांचा आहेच.

देवस्थानांच्या विश्वस्तांची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे श्रद्धेचा मुद्दा येतो. तरी २०१६ या एका वर्षात महाराष्ट्रात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि इतरांच्या याचिकेवर उच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा आधार होता तो १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याचा. साठ वर्षं जुना कायदा, त्यात अडवणाऱ्याला शिक्षाही सांगितलेली, पण त्या चौथऱ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला.

दुसरी गोष्ट हाजी अली दर्ग्याची, आणि आपल्या विषयाला ती जास्त जवळची आहे. तिथे स्त्रिया पूर्वी आत मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत जात होत्या. २०१२ च्या सुमाराला ट्रस्टनं ते थांबवलं. कारणं धार्मिक दिली, आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेचंही दिलं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली. स्त्रियांना त्रास होऊ नये असं ट्रस्टला वाटत असेल तर बंदोबस्त करावा, बंदी घालू नये, असा न्यायालयाचा रोख होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात ट्रस्टनंच तयारी दाखवली आणि नोव्हेंबरात स्त्रिया पुन्हा आत गेल्या.

सुरक्षिततेचं हे कारण सगळीकडे दिलं जातं, म्हणून ते नीट तपासायला हवं. रात्री दारुडे येतात म्हणून बाग सहाला बंद. मुलं भांडतात म्हणून मैदानाला कुलूप. ग्रंथालयात मुलींची छेड काढतात म्हणून मुलींना संध्याकाळनंतर प्रवेश नाही. प्रत्येक वेळी त्रास देणारा एक असतो आणि दार बंद होतं दुसऱ्यावर. मला वाटतं नियम वागण्यावर असावा, माणसावर असू नये. ‘काचेच्या बाटल्या आणू नयेत’ हा नियम झाला. ‘झोपडपट्टीतल्या मुलांना सोडू नये’ हा नियम होत नाही, मग तो फळ्यावर लिहा नाहीतर वॉचमनच्या कानात सांगा.

मग कुठल्याच संस्थेला आपले सभासद निवडता येत नाहीत का? येतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलं की संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात सभासदत्वाच्या अटी ठरवणं येतं, आणि त्या संस्थेची फक्त पारशी सभासदांची अट टिकली. अनेकांना हा निकाल पटत नाही, मलाही त्याचं ओझं वाटतं, पण कायदा आज तिथे उभा आहे. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं हे आपण ठरवतो. चौकातल्या विहिरीवर कुणी यायचं हे आपण ठरवत नाही. अडचण मधल्या जागांची होते, म्हणजे सवलतीच्या भाड्यावर सरकारी जमीन घेतलेला जिमखाना किंवा आमदार निधीतून बांधलेलं सभागृह. माझं स्पष्ट मत असं आहे की लोकांच्या पैशाचा जेवढा वाटा, तेवढं दार उघडं हवं. सवलत लोकांच्या नावानं घ्यायची आणि दार मात्र सभासदांपुरतं ठेवायचं, हे चालू नये.

आता मुंबईच्या मैदानांकडे येऊ, कारण तिथे कुलूप कसं पडतं ते पायरीपायरीनं दिसतं. या शहरात मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर निघते. एक माणूस मांडी घालून बसला की संपली. अशा शहरात पालिकेनं वर्षानुवर्षं दोनशेहून जास्त भूखंड देखभालीसाठी वेगवेगळ्या संस्थांना दिले. हेतू वाईट नव्हता. पालिकेकडे माळी कमी, पाण्याचे टँकर कमी, आणि मैदानं उकिरडा होत होती. संस्था येते, भिंत बांधते, माती टाकते, झाडं लावते. मग साहित्य चोरीला जातं म्हणून फाटक येतं. फाटकावर माणूस बसवला की त्याच्या पगारासाठी शुल्क येतं. शुल्क देणारे वेगळे ओळखता यावेत म्हणून कार्ड येतं. आणि कार्ड आलं की ज्याच्याकडे कार्ड नाही तो आपोआप बाहेरचा ठरतो. कुणीही एका दिवशी बसून ‘गरिबांना बाहेर काढू’ असं ठरवलेलं नसतं. म्हणूनच ही गोष्ट पकडणं अवघड असतं.

जानेवारी २०१६ मध्ये पालिकेनं या दत्तक धोरणाला नव्यानं मंजुरी दिली तेव्हा शहरात मोठा गदारोळ झाला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी धोरणाला स्थगिती दिली आणि पालिकेला दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितलं. काही आले, काही अडकून राहिले. २०२३ मध्ये पुन्हा नव्या धोरणाचा मसुदा आला, पुन्हा नागरिकांनी हरकती घेतल्या.

संस्थांच्या हाती जागा देऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण मुंबईतलं ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात दुर्दशेला पोचलं होतं. आसपासच्या रहिवाशांनी ते सांभाळायला घेतलं. आज तिथे एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव रंगलेले असतात, बॉल कुणाचा आणि फिल्डर कुणाचा कळत नाही, आणि मधल्या वाटेनं चर्चगेटकडे जाणारा नोकरदार कुणालाही कार्ड न दाखवता चालत जातो. सांभाळणं आणि अडवणं या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात, याचं ते उदाहरण आहे.

संस्थेची बाजूही ऐकायला हवी. गवत मरतं, बाकडी मोडतात, मूल पडून हात मोडला तर पालक संस्थेवर येतात. हे खरं आहे. म्हणून नियम असावेत. पण ते दारावर, सगळ्यांना वाचता येतील अशा अक्षरांत, मराठीत असावेत. कुणाला नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, तेही लेखी. त्या नकारावर कुणाकडे जायचं, त्या अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालय तिथेच लिहिलेलं हवं. शुल्क खर्चापुरतं असावं आणि त्याचा हिशेब मांडलेला असावा. मैदान लग्नाला, मेळाव्याला, टर्फला किती दिवस दिलं याची वही कुणालाही पाहता यावी. मला विचाराल तर एवढी वही उघडी ठेवली तरी निम्मे वाद मिटतील.

आणि दार उघडं आहे म्हणजे आत जाता येतं, असं नसतं. बागेत मोटारसायकली शिरू नयेत म्हणून फाटकाशी लोखंडी नळ्यांची चक्राकार वाट करतात. मोटारसायकल अडते, तशी व्हीलचेअरही अडते. बाळाची ढकलगाडी अडते, वॉकर घेऊन आलेल्या आजी तिथेच थांबतात. मुंबईच्या फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांबद्दल २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणानं थेट उच्च न्यायालयाला ई-मेल लिहिला आणि न्यायालयानं स्वतःहून त्याची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या पुरेशी रुंद आहे. सरकारी असो वा खासगी, शिक्षण, उपचार, करमणूक, धर्म अशा कामांसाठी सर्वसामान्य लोक वापरतात ती सार्वजनिक. अशा जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. सुगमतेचे निकष नुसते सूचनावजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा, असं केंद्राला बजावलं. तेव्हा पायऱ्यांशेजारी उतार करणं हे आता संस्थेच्या दानधर्मात मोडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हाच हिशेब दिवे आणि स्वच्छतागृहाचा असतो. संध्याकाळी सातला मैदानाच्या मागच्या बाजूचा दिवा लागत नसेल आणि स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर कुणीही न अडवता बायका घरी थांबतात. हजेरी घ्यायची असेल तर फाटकावर न घेता आत जाऊन घ्यावी. कोण येतं हे पाहताना कोण येत नाही तेही पाहावं.

आपल्या हाती काय आहे? पहिल्यांदा कागद मागायचा. जागा पालिकेची असेल तर विभाग कार्यालयातल्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. संस्थेशी झालेल्या करारनाम्याची प्रत, मुदत, ठरलेल्या वेळा, परवानगी असलेलं शुल्क आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील करता येतं. देवस्थान किंवा न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. सोसायटी असेल तर उपविधी, म्हणजे तिची नियमावली, आणि सहकार खात्याचे उपनिबंधक. भांडण करण्याआधी कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

आमच्या मैदानाचा अर्ज मी केला होता. उत्तर बेचाळिसाव्या दिवशी आलं, पण आलं. करारनाम्याच्या चौथ्या पानावर अट होती, मैदान सकाळ-संध्याकाळ सर्व नागरिकांना विनाशुल्क खुलं ठेवणं संस्थेवर बंधनकारक राहील. सभासदत्वाचा शब्द अख्ख्या कागदात कुठेही नव्हता. त्याची झेरॉक्स घेऊन मी वॉचमनकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बोट ठेवत ठेवत ते पान वाचलं. त्यांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या हाती फक्त कुलूप दिलं होतं.

विभाग कार्यालयातली तक्रार अजून चालू आहे आणि फळाही जिथल्या तिथे आहे. पण त्या संध्याकाळी काकांनी ती झेरॉक्स घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि विचारलं, “ही माझ्याकडेच राहू द्या का? वरून कुणी विचारलं तर दाखवायला बरी.”

वाकलेल्या गजापाशी तेव्हा एक मुलगा बॅट घेऊन उभा होता. काकांनी त्याला हाक मारली आणि बाजूचं छोटं दार उघडलं.